मागून ढकलायचा बैल

“आधी माप घे, मंग तोंड खोल.”

कवडू वाढईचं, म्हणजे गावच्या सुताराचं, हे नेहमीचं बोलणं. दिवसभरात तो हे एवढ्या वेळा म्हणे, की त्याच्याकडे दुसरे शब्द शिल्लक राहत नसत. दार करून मागायला आलेल्या माणसाला तो हेच सांगे, पुतणीसाठी स्थळ घेऊन आलेल्यालाही हेच. एकदा गावात सप्ताह होता. आत्मा केवढा, तर अंगठ्याएवढा, असं महाराज रंगात येऊन सांगत होते. पहिल्या रांगेतून कवडूनं विचारलं, “कोनाच्या अंगठ्याएवढा, महाराज? आधी माप घ्या, मंग तोंड खोला.” त्या वर्षी महाराजांनी सप्ताह सहा दिवसांत उरकला.

पळसटोला हे देवरीपासून अकरा किलोमीटरवरचं गाव. हायवे सोडून आत वळलं की जंगलाला पाठ देऊन आणि धानाच्या बांध्यांकडे तोंड करून बसलेलं. कवडूच्या बापानं या गावाला बैलगाड्या दिल्या, कवडूनं नांगर दिले, आणि मग गावानं ट्रॅक्टर आणला. सुताराच्या हाताला दोनच कामं उरली. चालायला शिकणाऱ्या लेकरांसाठी तीन चाकांचा पांगुळगाडा, आणि तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल. पोळ्याच्या दिवशी मोठ्यांचे खरे बैल मिरवतात. दुसऱ्या दिवशी लेकरांचा मान. चाकांवरचे लाकडी बैल दोरीनं ओढत ती तोरणाखाली जातात आणि घरोघरी खाऊ गोळा करतात. खरे बैल आता गावात सात उरले होते. लाकडी एकशे चाळीस. त्यामुळे मोठा पोळा लहान आणि तान्हा पोळा मोठा झाला होता.

कवडू टेप वापरत नसे. टेप म्हणजे परक्याचा हात, असं तो म्हणे. बोट, मूठ, वीत, हात, यांवर त्याचं सगळं राज्य चाले, आणि त्या राज्याचा त्याला भारी अभिमान. त्याची बायको मंदाबाई म्हणायची, “लग्नाच्या आधी मले पाहाले आला, तं बाप्पा, चेहरा नाई पाहिला यानं. दारातून मी वाकून आली का सरळ आली, ते पाहिलं. आन म्हनते, तुमचा दरवाजा चार बोटं बुटका हाय.”

अशा माणसाची चूक झाली ती मापातच झाली.

कवडूच्या शेजारी रेणू राहायची. नवरा गजेंद्र, थोडी मक्त्याची धानशेती, आणि एक पोरगी, दामिनी. दामिनी जन्मली तेव्हा लगेच रडली नाही. उशिरा रडली, आणि तेवढ्या उशिरात जे व्हायचं ते झालं. दोन वर्षांची झाली तरी पोरगी बसेना. बसली तर उभी राहीना. उभी केली तर पाय कातरीसारखे एकमेकांवर चढत. गावातल्या प्रत्येक माणसाकडे याचं कारण होतं आणि प्रत्येक बाईकडे औषध. ग्रहणात सुपारी कातरली असेल, असं एकीनं सांगितलं. दुसरीनं तेल दिलं, तिसरीनं त्या तेलाला नावं ठेवून दुसरं दिलं. रेणू गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रतापगडला जाऊन आली. महादेवाला नारळ फोडला, दर्ग्यावर चादर चढवली, म्हणजे वरच्यांमध्ये कोणाला वाईट वाटायला नको. शेवटी ती कवडूच्या अंगणात येऊन उभी राहिली.

“मामाजी, पोट्टीले एक पांगुळगाडा करून द्या ना.”

“कायले नाई? परवा ने.”

कवडूनं आंब्याची फळी मोजली, चाकं मोजली, दांडी मोजली. पांगुळगाड्याचं माप त्याच्या हातात बसलेलं होतं, तीनशे गाडे त्यानं त्याच मापानं केले होते. परवा रेणूनं गाडा नेला. दामिनीला उभं केलं. पोरगी दोन्ही पायांच्या बोटांवर चढली, गुडघे गुडघ्यांत अडकले, गाडा पुढे पळाला आणि ती तोंडावर आपटली. पुढचा दात पडला.

दुधाचा दात. पुढे त्या जागी नवा आला. कवडूच्या मनातला मात्र पडला तो पडलाच.

तोवर गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईनं रेणूला सांगितलं होतं, की देवरीला एका जुन्या खोलीत दर मंगळवारी गोंदियाहून एक थेरपीवाली मॅडम येते, अशा लेकरांना शिकवते. रेणू पोरीला कडेवर आणि गाडा हातात घेऊन बसनं गेली. परत आली ती कवडूकडे.

“मामाजी, मॅडमनं तुमाले बलावलं हाय.”

“मले? काऊन?”

“गाडा पाहिला ना तुमचा.”

कवडूनं यातून अर्थ काढायचा तो काढला. पुढच्या मंगळवारी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून तो देवरीच्या बसमध्ये चढला. कंडक्टरला तिकीट मागता मागता म्हणाला, “सरकारी काम हाय. मापाचं.” चाळीस गाड्यांची ऑर्डर तरी असेल, असा त्याचा हिशेब होता.

खोलीत जमिनीवर गाद्या, भिंतीला एक लांब आरसा, एक भला मोठा रबरी चेंडू आणि सहा आया. मधोमध प्रेरणा मॅडम मांडी घालून बसली होती. वय पंचविशीचं. एका पोराचं पाऊल मांडीवर घेऊन ती ते हळूहळू वर दाबत होती आणि अंक मोजत होती.

“चप्पल बाहेर, काका,” ती मान वर न करता म्हणाली. “अच्छा, गाडा तुमचा का? बसा.”

कवडू बसला. कौतुक ऐकायला मान थोडी खाली घालावी लागते, तशी त्यानं घातली.

“असे किती बनवले?”

“तीनशे. तीनशे पोट्टे चालून राहिले. एक तं फौजेत हाय.”

“ते चालणारच होते, काका. तुमचा गाडा नसता तरी चालले असते. गाडा नुसता त्यांच्यासोबत गेला.”

सहा आयांनी सहा दिशांना पाहिलं. कवडूची मान आता खरीच खाली गेली. मॅडमनं दामिनीला गाड्याशी उभं केलं. “आता बघा. टाच कुठे आहे?”

टाच हवेत होती. जमीन आणि टाच यांच्यात कवडूची तीन बोटं आरामात गेली असती.

“हिच्या पायाच्या मागचा स्नायू ताठ आहे. गाडा पुढे पळतो, ही बोटांवर चढते, आणि रोज चढून चढून तेच पक्कं होतं. काका, गाडा करताना हिचं माप घेतलं होतं का?”

हे वाक्य मॅडमला कोणी शिकवलं नव्हतं. रेणूनं पदर तोंडाला लावला. कवडूनं वाकून ती टाच पाहिली. ज्या खांबाचं बूड जमिनीवर बसलेलं नाही, त्यावर आढं टाकायचं नाही, हे त्याला बापानं नवव्या वर्षी सांगितलं होतं. तीन बोटं पोकळी ठेवून त्यानं आढं टाकलं होतं, तेही एका पोरीवर.

“नाई घेतलं,” तो म्हणाला. बसमध्ये परत येताना कंडक्टरनं विचारलं, “झालं का सरकारी काम?” कवडूनं तिकीट घेतलं आणि टोपी काढून खिशात घातली.

त्यानंतर कवडू दर मंगळवारी देवरीला जाऊ लागला. आधी तो भिंतीला टेकून नुसता पाहायचा. मग त्यानं खिशातून सुतळी काढली. दामिनीची मांडी किती, गुडघ्यापासून टाच किती, कमरेची रुंदी किती, सगळ्याला गाठी मारल्या. एका पोराला बसायला कोपऱ्याची खुर्ची करून दिली, पाठ दोन्ही बाजूंनी धरणारी. एकीला उभं राहायला छातीपर्यंतची पेटी केली, पुढे खेळणी ठेवायला फळी. दामिनीला घोड्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं बाकडं केलं, म्हणजे गुडघे एकमेकांवर चढायला जागाच नको. एकदा नागपूरहून एक पाहुणे साहेब खोली पाहायला आले. पेटीला हात लावून त्यांनी विचारलं, “छान आहे. कोणत्या कंपनीची?”

“आंब्याच्या,” कवडू म्हणाला. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

दामिनी सहाची होती तेव्हा गावात खुर्च्या आल्या. गोंदियाच्या मुन्नालाल सेठची राईस मिल होती. पुण्य मोजून करायला हवं, यावर त्याचा कवडूइतकाच विश्वास होता, फक्त मोजायची पद्धत वेगळी. त्यानं चाकाच्या तीस खुर्च्या आणल्या, तिसांवरही पाठीमागे लाल रंगात स्वतःचं नाव घातलं, आणि सरपंच मनिरामनं मांडव टाकून वाटप केलं. सत्तर वर्षांच्या सुखरामला जी खुर्ची, तीच सहा वर्षांच्या दामिनीला. पोरगी आत बसवली तर बाहेरून वेणी तेवढी दिसत होती. पाय जमिनीपासून दीड वीत वर लोंबत. कवडू पुढे झाला, सुतळी काढली, खुर्चीची बैठक मोजली, सगळ्यांसमोर.

“बावीस बोटं. पोट्टी तेरा बोटं.” मग त्यानं मान वर करून सेठकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, लाकूड पाहतात तसं. “सेठजी, ही खुर्ची तुमच्या मापाची हाय.”

“भाई, ये क्या बोल रहा है?” सेठनं मनिरामला विचारलं.

“तारीफ कर रहा है, सेठजी,” मनिराम म्हणाला.

ती खुर्ची मग रेणूच्या अंगणात राहिली आणि गावाच्या फार उपयोगी पडली. हातपंपावरून पाण्याचे दोन गुंड, म्हणजे हंडे, एका खेपेत येऊ लागले. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून मोहफुलांची टोपली तिच्यावर ठेवली. शेवटी एक कोंबडी तिच्यात खुडूक बसली, आणि तेव्हापासून ती लाभार्थी झाली.

दामिनीला खुर्चीचं सोयरसुतक नव्हतं. तिला बैल हवा होता. तीन तान्हे पोळे तिनं आईच्या कडेवरून पाहिले होते. तिच्या नावाचा बैल दरवर्षी असायचा, ओढायचा मात्र चुलतभाऊ टिंकू. मागच्या वर्षी त्या बैलाला सजावटीचं बक्षीस मिळालं आणि कंपासपेटी टिंकूनं घरी आणली. दामिनी कवडूच्या अंगणात बाकड्यावर बसली होती तेव्हा एकाएकी म्हणाली,

“आबाजी, बैल माहा, आन तोरनाखाली टिंकू काऊन जाते?”

कवडू रंदा मारत होता. रंदा थांबला.

“तुले जाचं हाय का?”

“मी जाईन. मी एकटी.”

पुढच्या मंगळवारी त्यानं प्रेरणा मॅडमला विचारलं. मॅडमनं दामिनीच्या पायांतले प्लास्टिकचे साचे घट्ट केले, जे टाच खाली धरून ठेवत, आणि थोडा विचार केला.

“ओढायला नको, काका. ओढताना ती मागे पडेल. ढकलू दे. वजनदार काहीतरी, हळू चालणारं, दांडी कमरेच्या उंचीवर. आणि एक लक्षात ठेवा. पोचली नाही तरी चालेल. टाच उचलून पोचली, तर ते पोचणं नाही.”

कवडूनं आयुष्यात केला नव्हता असा बैल केला. शिवणीच्या लाकडाचा, आतून पोकळ, पोटात रेती. चाकं रुंद आणि आसात मुद्दाम घट्ट बसवलेली, म्हणजे गाड्यासारखा पळणार नाही. बैलाच्या पुठ्ठ्यावरून मागे निघालेली दांडी, दामिनीच्या कमरेला बरोबर. रेती काढायला शेपटीखाली भोक, भोकात बूच, आणि बुचाला बांधलेली दोरीची शेपूट. शेपूट ओढली की बूच निघे, रेती सुरसुर बाहेर पडे, आणि अंगणातली सगळी लेकरं किंचाळत, “बैल हगला! बैल हगला!” त्यात सगळ्यात मोठ्यानं दामिनी. आषाढापासून रोज सकाळी अंगणात ती बैल ढकलायची. पायात जोर आला की कवडू मूठभर रेती वाढवायचा. आधी चार हात, मग दहा, मग चाळीस. त्याच्यापुढे पाय थरथरत आणि ती खाली बसे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कवडूनं दोरी टाकून रस्ता मोजला. तोरण मारुतीसमोर. घरापासून कोपऱ्यावरच्या चिंचेपर्यंत पोरीला कडेवर न्यायचं ठरलं होतं. चिंचेपासून तोरण बहात्तर हात.

चाळीसवर बत्तीस कमी पडत होते.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी सरपंच मनिराम रेणूच्या अंगणात आला. पांढरा शर्ट, खिशाला बिल्ला.

“रेणू, खुर्ची धुवून ठेव. सेठजी येऊन राहिले पाहुने म्हनून. खास लाभार्थीले भेटाले. पोट्टीले खुर्चीत बसव, हार तिच्या हातात दे.”

“भाऊजी, ते बैल घेऊन चालत येनार हाय.”

“चालत? मंग खुर्ची कायले घेतली होती? उद्या सेठ म्हनंल, चालते तं वापस द्या.”

“आताच न्या ना. कोंबडी तेवढी उठवून घ्या, अंडी हायेत खाली.”

मनिरामनं बैलाकडे पाहिलं, दांडीकडे पाहिलं. “आन हे काय? नंदीले कोनी मागून ढकलते का? समोरून ओढतेत लोक. देव हाय तो.”

कवडू कुंपणापलीकडून बोलला. “चिखलात फसलेला बैल तू समोरून ओढतं का मागून ढकलतं, मनिराम?”

“आता बैल कोनाकडं हाय गा?”

“मंग तुले काय मालूम.”

शेवटी तडजोड झाली, तीही मनिरामच्या बुद्धीनं. खुर्ची रिकामी नेऊन तोरणाखाली ठेवायची. पोरगी कशीही पोचली की तिला उचलून खुर्चीत बसवायचं आणि फोटो काढायचा. तोरण ठीक चारला तोडायचं, कारण सेठला पाचला दुसऱ्या गावी दुसऱ्या खुर्च्या वाटायच्या होत्या.

पळसटोल्याची रीत अशी, की बैल तोरणाखाली जमले की झडत्या म्हणायच्या. झडती म्हणजे दोन ओळींचं बोचरं गाणं. त्यात कोणालाही टोचावं, आणि त्या दिवशी कोणी रागवायचं नाही. झडत्या संपल्या की तोरण तुटतं आणि पोळा फुटतो. त्यानंतर पोचलेला बैल हा बैल नव्हे, लाकूड. झडती चालू असताना तोरणाला हात लावला तर त्या घरचे बैल वर्षभर लंगडतात, असं जुने लोक सांगत. मनिरामकडे ट्रॅक्टर होता, पण त्याचंही चाक आहेच, म्हणून तोही रीत पाळायचा.

सेठ तीनऐवजी पावणेचारला आला आणि आल्या आल्या घाई करू लागला. एकशे एकोणचाळीस लाकडी बैल तोरणाखाली उभे होते. झडत्या म्हणणारे म्हातारे आता तीनच उरले होते. त्यांनी दोन दोन म्हणून उरकल्या. मनिरामनं हात वर केला. तेव्हा चिंचेखालून दामिनी नुकती निघाली होती. कवडूनं तिकडे पाहिलं. बारा हात झाले होते. टाचा खाली होत्या.

कवडूनं जन्मात झडती म्हटली नव्हती. तो तोरणाखाली जाऊन उभा राहिला आणि घसा खाकरला. मंदाबाई शेजारणीला म्हणाली, “बाई वो, याले काही चावलं का?”

“खुर्ची आली गोंदियाहून, चाकं तिची दोन,
पोट्टी बसली आतमंदी, दिसून राहिली कोन?”

मैदानातून एकदम गजर उठला, “हर हर महादेव!” मनिरामचा हात खाली आला. सेठला वाटलं आपलं स्वागत चालू आहे. त्यानं हात जोडले.

“फोटोवाला फोटो काढे, डोळा त्याचा मोठा,
देनारा तो पुरा आला, घेनाऱ्याचा अंगठा!”

“हर हर महादेव!” आता बायाही हसत होत्या. तीस हात. दामिनीचे ओठ दातांत, कपाळावर घाम, बैल कासवासारखा. मागून रेणू चालत होती, हात पुढे करायचा आणि मागे घ्यायचा असं करत.

“सरपंचाच्या दारापर्यंत सिमेंटाची वाट,
पुढं गेला तो बैल म्हनते, मोडली माही पाठ!”

हा टोला लोकांना इतका आवडला की तो तीनदा म्हणायला लावला, आणि कवडूला नेमकं तेच हवं होतं. मनिराम हसला, कारण रागवायची परवानगी नव्हती. ऊन चटकत होतं. सेठचा भार मोठा, पाय सुजलेले, बसायला दुसरी रिकामी खुर्ची नाही. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, तोरणाखालची रिकामी, धुतलेली, स्वतःच्या नावाची खुर्ची पाहिली आणि उसासा टाकून तिच्यात बसला. इकडे अर्ध्या बोटाची फट नाही, तिकडे नाही. फोटोवाल्याचा हात सवयीनं वर गेला. हा फोटो पुढे गोंदियात छापूनही आला, आणि कॅप्शन लिहिणाऱ्यानं चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला लाभार्थी म्हटलं, यात त्याची काय चूक?

पण ते नंतरचं. त्या वेळी एकोणपन्नासाव्या हातावर बैल थांबला. जिथे मनिरामचं सिमेंट संपत होतं, तिथे चिखलाचं डबकं होतं. बैलाची पुढची चाकं त्यात बसली. दामिनीनं ढकललं. बैल हलेना. तिनं जोर लावला आणि लावता लावता तिच्या टाचा उचलू लागल्या.

“पोट्टे, टाच!” कवडू तोरणाखालून ओरडला. झडतीत ओरडला, त्यामुळे लोकांना वाटलं तीही झडतीच आहे. “हर हर महादेव!”

रेणू उचलायला वाकली. दामिनीनं मान हलवली. तिनं टाचा खाली टेकवल्या. मग, अंगणात जे तिनं कधीच केलं नव्हतं ते केलं, दांडीवरचा एक हात सोडला. अंग डावीकडे झुकलं, सावरलं. त्या सुट्या हातानं तिनं शेपूट धरली आणि ओढली.

बूच निघालं. रेती सुरसुरत चिखलात पडू लागली. एकशे एकोणचाळीस बैलांचे मालक एका सुरात ओरडले, “बैल हगला!” आणि सगळं मैदान हसून लोळायला लागलं. हलका झालेला बैल गचका देऊन डबक्यातून वर आला.

हसणं विरलं, तेव्हा कवडूजवळ झडती उरली नव्हती. सगळी पोतडी रिकामी. अजून अठरा हात. सेठनं खुर्चीतूनच घड्याळ दाखवलं. मनिरामनं तोरणाच्या दोरीला हात घातला.

कवडूनं डोळे मिटले. एक झडती होती. ती त्यानं पाच वर्षं पोटात ठेवली होती, बैलातल्या रेतीसारखी.

“फळी मोजली, चाक मोजलं, मोजला सारा गाडा,
पोट्टी मोजाची राहून गेली, कवडू वाढई वेडा!”

या वेळी गजर लगेच उठला नाही. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मंदाबाईनं तोंडावरचा हात काढला. मग कुठूनतरी सुखराम म्हाताऱ्यानं, सेठच्या दुसऱ्या एका खुर्चीतून, सुरुवात केली, “हर हर महादेव!” आणि सगळे बोलले. कवडूनं तीच झडती पुन्हा म्हटली. पुन्हा. चौथ्यांदा म्हणताना तो “वेडा” शब्दावर आला, तेव्हा बैलाची शिंगं तोरणाच्या आंब्याच्या पानांखाली आली होती.

तोरण तुटलं. लेकरं सेठभोवती खाऊला धावली. फोटोवाला पोरीला खुर्चीत बसवा म्हणाला, पण खुर्ची मोकळी नव्हती. सेठ दोन्ही हातांनी रेटत होता आणि खुर्ची त्याला सोडत नव्हती. मनिराम एका बाजूनं ओढत होता.

“समोरून नोको ओढू, मनिराम,” मंदाबाई म्हणाली. “मागून ढकल.”

कवडू दामिनीपुढे उकिडवा बसला. तो नंदीच्या पाया पडतोय, असं लोकांना वाटलं. त्यानं तिच्या दोन्ही टाचांखाली बोट घालून पाहिलं. बोट गेलं नाही. मग त्यानं दांडीवर वीत टेकवली, तिच्या कमरेला लावली, आणि कपाळाला आठी पाडली.

“वाकून चालून राहिली होती. मी म्हनलं काऊन,” तो म्हणाला. “दोन बोटं बुटकी झाली दांडी. आखाडीपासून दोन बोटं वाढली पोट्टी.”

“मंग, आबाजी?”

“मंग काय? आईसंग बैल घरी आन. मी वाकस घासून ठेवतो, नवी दांडी तासाले.”

तो उठला. रेणू काहीतरी म्हणायला गेली, पण तो वळला होता. सिमेंटावरून न जाता डबक्याच्या कडेनं, सांडलेल्या रेतीवरून, टोपी सारखी करत तो घराकडे निघाला. मागे सेठ अजून खुर्चीत होता आणि अर्धं गाव त्याला काढण्यात गुंतलं होतं. कवडूच्या पाठीकडे पाहत होती ती दामिनी. दांडीवर एकच हात ठेवून, दोन्ही टाचा मातीत रुतवून, तो चिंचेपलीकडे वळेपर्यंत.